साळवेभाऊंचं एक मिनिट

बसा, मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. सुमनवहिनी, पाळकसाहेब, कारखान्यातले जुने सोबती आणि भोपाळच्या या बरखेड्यातली आपली सगळी माणसं. मला बोलायची सवय आहे. युनियनचा सेक्रेटरी म्हणून उभा जन्म गेटवर ओरडण्यात गेला. पण आज इथे येईपर्यंत खिशातला कागद दोनदा काढला आणि दोनदा परत ठेवला. तेव्हा आधी कागदाशिवायच बोलतो.

शांतवन साळवे गेले. आपले साळवेभाऊ. कारखान्यात इन्स्पेक्टर. जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, मापात बसला नाही की त्याला नापासाचा लाल टॅग बांधणारे, मग जॉब कुणाचाही असो. आणि दर गुरुवारी संध्याकाळी आपल्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं मांडून बसणारे.

त्या बैठकीला कोण नव्हतं? चर्चची माणसं होती, माझ्यासारखी गणपती बसवणारी होती, आमचे तिवारीजी होते. आठवड्याच्या बातम्या घ्यायच्या. दिल्लीचं सरकार, भोपाळचं सरकार, निवडणूक, दंगल, कुठलीतरी लढाई. पण भाऊंचा एक नियम होता. बातमी वाचून झाली की एक मिनिट गप्प. ज्याला शिव्या घालायच्या आहेत, त्याची चूक आपण स्वतः कुठे करतो, ते त्या मिनिटात शोधायचं. मग भाऊ म्हणायचे, "आता बोला."

तिवारीजी कुरकुरायचे, "साळवेजी, एक मिनट में तो सारा ग़ुस्सा ठंडा हो जाता है."

भाऊ म्हणायचे, "जो ठंडा नहीं होता, वही काम का है."

मी एकदा त्यांना चिडवलं. म्हटलं, भाऊ, इंग्रजांच्या राज्यात तुमची मजा होती. ते चिडले नाहीत. म्हणाले, "इंग्रज माझ्या आजोबांचे साहेब होते, सोयरे नव्हते." आणि मग मलाच शिकवलं. म्हणाले, "मधुकर, इतिहास बघ. आमची मंडळी जेव्हा जेव्हा सिंहासनाच्या शेजारी जाऊन बसली, तेव्हा तेव्हा मुकी झाली. ख्रिस्ताला राज्यकर्त्यांनी मारलं. त्याचं नाव घेणाऱ्याने राज्यकर्त्यांच्या मांडीवर बसू नये."

पाळकसाहेब हसतायत. हेच ते चर्चमध्येही बोलले होते, आणि तुमच्या आधीच्या पाळकांनी दोन महिने त्यांना प्रार्थनेला उभं केलं नव्हतं. आणि उभं केलं की भाऊ काय करायचे? गुरुवारी ज्या मंत्र्याला सोलून काढलं, त्याच्यासाठी रविवारी नाव घेऊन प्रार्थना. मला ते कधी पटलं नाही. आजही पटत नाही.

मग चौऱ्याऐंशी सालचा, गॅसगळतीचा तो आठवडा आला. तुम्हाला काय सांगू, तुम्ही इथेच होतात. जुन्या शहरात कुणाची बहीण होती, कुणाचा मित्र होता. त्या गुरुवारी व्हरांड्यापर्यंत माणसं उभी होती. सगळे पेटलेले, मी सगळ्यांत जास्त. भाऊंनी मिनिट घेतलं. मिनिट संपलं, पण ते "आता बोला" म्हणाले नाहीत. म्हणाले, "त्या गॅसच्या कारखान्यात कुणी न बघता सही केली का, मला माहीत नाही. मी केली आहे, ते मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी शॉपच्या बोर्डावर लाल टॅग लटकत होता. त्यावर लिहिलं होतं, शांतवन साळवे, बेअरिंगचं हाउसिंग न मोजता पास केलं. जॉब परत आणला, मोजला, खरंच मापात नव्हता. कुणाला इजा होण्याआधी सापडला. भाऊंचं प्रमोशन गेलं. ते इन्स्पेक्टरच राहिले आणि इन्स्पेक्टर म्हणूनच निवृत्त झाले. लोक म्हणाले, साळवे येडा झाला.

आता ऐका. भाऊंनी तो जॉब का मोजला नाही? कारण जॉबच्या कार्डवर माप आधीच लिहिलेलं होतं, आणि लिहिणाऱ्यावर त्यांचा विश्वास होता. तो जॉब मशीनवर करणारा आणि माप लिहिणारा मी. शिफ्ट संपत आली होती, मला युनियनच्या मीटिंगला जायचं होतं. मी मोजलं नाही. अंदाजाने आकडा टाकला.

चौकशीत साहेबांनी विचारलं. भाऊ म्हणाले, "सही माझी आहे." साहेबांना माणूस मिळाला, त्यांनी पुढे काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. ते म्हणाले, "मी माझं बोललो. तुझं तू बोल. वेळ तू ठरव." बस. पुन्हा कधी विषय काढला नाही. पुढच्या गुरुवारी मला चहा दिला, नेहमीसारखा, कमी साखरेचा.

मी बोललो नाही. गेटवर उभा राहून वर्षानुवर्षं "जबाबदारी घ्या" म्हणून ओरडलो, आणि दर गुरुवारी त्या एका मिनिटात फरशीकडे बघत बसलो. सुमनवहिनी, त्या प्रमोशनवर तुमचं मोठं क्वार्टर होतं, ते मला ठाऊक होतं. तुम्ही दार उघडून "या भाऊजी" म्हणायचात, तेव्हा मला लाज वाटायची. फार लाज वाटायची.

खिशातला कागद म्हणजे भाषण नाही, मंडळी. हा लाल टॅग आहे. वाचतो. मधुकर ठोंबरे. न मोजता माप लिहिलं. दुसऱ्याला भोगू दिलं.

हा मी भाऊंच्या फोटोजवळ ठेवतो. उशीर झाला, हे मला कळतं. पण वेळ मी ठरवायची होती, आणि ती ठरवून मी आलो आहे.

आता उभे राहूया. आपण एक मिनिट गप्प राहू, त्यांच्या पद्धतीनं, प्रत्येकानं आपलं शोधायचं. मिनिट संपल्यावर "आता बोला" म्हणायला भाऊ नाहीत. ते वहिनींनी म्हणावं. आणि पहिलं मला म्हणावं. तोपर्यंत मी इथे असाच उभा आहे.