टोपीभर फुटाणे

माझ्या नवऱ्याला दुकानदारी मी शिकवली, आणि हे मी त्यांच्या तोंडावरही सांगत आले. निजामाच्या राज्यात ते आष्टीच्या कचेरीत वसुलीचे कारकून होते. माझ्या भट्टीचे फुटाणे खाऊन खाऊन एक दिवस त्यांनी नोकरी सोडली आणि बाजारात फुटाण्यांचं दुकान थाटलं. पण गिऱ्हाईक काही येईना. लोक दुकानासमोरून मान खाली घालून निघून जायचे. शेवटी हे म्हणाले, "आज बी कोणी न्हाई आलं, तर मी आपला कचेरीत परत जातो."

मी रस्त्यात एका म्हातारीला अडवलं. "मावशे, फुटाणे कावून घेत न्हाईस?"

ती हळूच म्हणाली, "घेतले असते गं. पर तिथं वसुलीचे साहेब बसलेत. ते उठले की येते."

वळून बघते तर आमचे हे शेरवानी घालून, कचेरीतली लाल टोपी चढवून ताठ बसलेले. सवयच ती. मी गेले, त्यांच्या डोक्यावरची टोपी काढली आणि ताज्या फुटाण्यांनी भरली.

"अगं, सरकारी टोपी हाय ती."

"हाय ना. आजवर लोकांकडून नेतच आली. आज पहिल्यांदा काही देती, तर देऊ द्या की."

माझ्या मागोमाग आलेल्या म्हातारीने पदर पसरला. "लई झाक. आता शेरवानीचे खिसे बी भर."

यावर हे स्वतःच खो खो हसत सुटले. साहेब हसतो, हे आष्टीच्या बाजाराने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग दुकानापुढे उभं राहायला जागा उरली नाही.