फाडलेलं पत्र

अमेरिकेत नेपरव्हिलच्या डेंटिस्टकडे शेजारच्या खुर्च्यांवरचं जोडपं मराठीत भांडायला लागलं आणि विनयकाकांचा ठणकणारा दात एकदम गप्प झाला. त्यांनी मासिक तोंडासमोर धरलं.

"माझी केटरिंगची कंपनी स्टेट गव्हर्नमेंटने बंद केली, शंतनू. शाळेचं कॉन्ट्रॅक्ट गेलं."

"का पण?"

"वर्षाचा रिपोर्ट भरला नाही म्हणून. आठवण करून देणारं त्यांचं पत्र तू फाडलंस."

"स्कॅम वाटला यार, सावनी. तसली ढिगाने पत्रं येतात."

"मला विचारायचं तरी. मरमर राबले मी त्या कंपनीसाठी."

"मला कोणी फसवू शकत नाही, एवढंच सांगतो."

"तुझा शहाणपणा घाल चुलीत."

"थांब, फोन येतोय. सावनी, स्टेटचाच माणूस आहे. कंपनी आत्ता चालू करून देतो म्हणतोय."

"शंतनू, फोन ठेव."

"गप गं. येस सर, राइट डाऊन माय कार्ड नंबर."