एकाच तारेवरची पाळी

अगं, ऐक तर! माझी मावसबहीण दातांच्या डॉक्टरकडे बसली होती, शेजारी दोघी बहिणी.

"ताई, ती नवी गाडी विकत घेऊ नकोस."

"का गं? तुमच्याच कंपनीची ना?"

"म्हणूनच! गाडीतल्या भागांचे एकमेकांना निरोप एकाच तारेवरून पाळीपाळीनं जातात. चाक घसरल्याचा निरोप ब्रेकला सगळ्यात आधी मिळायला हवा. मी चुकून तो काचा वरखाली करायच्या निरोपाच्या मागे लावला."

"अगं बाई! साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, पुढच्या सर्व्हिसिंगला गुपचूप बदलू, बाहेर बोललीस तर नोकरी गेली."

"मग मला बरी सांगतेस?"

"तू ताई आहेस."

"आणि बाकीच्यांना ताया नाहीत?"

धाकटी रडायलाच लागली गं. आणि माझ्या मावसबहिणीच्या मुठीत त्याच कंपनीच्या नव्या गाडीची किल्ली! तू काय केलं असतंस?