अर्जंट फोटो

...नाही नाही, बोलू नका ताई, कळलं मला. घसा बसलाय ना, तुम्ही गळ्याला हात लावलात तेव्हाच कळलं. खुणेनं सांगा. पासपोर्ट साइज? ओळखपत्रासाठी? त्या काचेतल्या नमुन्यासारखा? झालं तर मग. आणि खरं सांगू का, आमच्या धंद्यात गप्प बसणारं गिऱ्हाईक म्हणजे सोन्याहून पिवळं — एरवी लोक या स्टुलावर बसतात आणि ऐन बटण दाबताना काहीतरी विचारतात, मग फोटोत जांभई दिल्यासारखे येतात आणि दोष माझ्या माथी. बसा. असं नाही, जरा तिरक्या. डोकं मागच्या घड्याळाच्या बरोबर खाली येऊ द्या — घड्याळ फोटोत येत नाही, काळजी नको, त्याच्यावरून पांढरं कापड सोडतो मी नंतर. मास्क असू दे इतक्यात. दिवा तापायला वेळ लागतो, जुना आहे, पेटण्याआधी बराच वेळ नुसता गुरगुरतो. घाई नाही ना? बाहेर पाटीवर ‘अर्जंट फोटो’ लिहिलंय त्यावर जाऊ नका. ती पाटी सासऱ्यांनी लावलेली. मी आपला निवांत माणूस.

हसलात. मास्क असला म्हणून काय झालं, डोळ्यांच्या कडा हलल्या की मला कळतं. पाटीला हसलात ना? हसा, त्या पाटीनं आमच्या घरात काय गोंधळ घातलाय ते तुम्हाला माहीत नाही. सांगतो, दिवा तापेपर्यंत. आमची एक मुलगी आहे, दुसरीतली. टिटवी म्हणतो आम्ही तिला — उठल्यापासून झोपेपर्यंत तोंड बंद म्हणून नाही, आणि आवाज असा की पलीकडच्या गॅरेजवाल्याला हातोडा मारता मारता ऐकू जातो. तर शाळा बंद झाल्या, वर्ग फोनवर भरायला लागले, तेव्हा प्रश्न आला की फोन द्यायचा कुणाचा? माझा. कारण बायकोचं कामच फोनवरचं — ते नाही का, आपण तक्रार करायला फोन लावतो आणि एक गोड आवाज म्हणतो, कृपया लाइनवर राहा — तो गोड आवाज आमच्या हिचा. घरात तो आवाज मला अजून ऐकायला मिळालेला नाही, ते सोडा. तर तिचंही ऑफिस घरी आलं. मागच्या खोलीत तिचं ऑफिस, इथं दुकानात, शटर अर्धं ओढून, पोरीची शाळा, मधे हा दाराचा पडदा, आणि पडद्यापाशी मी, ना धड इकडचा ना तिकडचा. एकदा कुणी एक गृहस्थ फ्रिज बंद पडला म्हणून हिच्यावर तोंडसुख घेत होते, तेवढ्यात इकडून टिटवीनं सातचा पाढा सुरू केला. त्या माणसानं तो सगळा ऐकला. मग म्हणाला, मॅडम, सात आठे छप्पन्न असतात, चौपन्न नाही, लक्ष द्या पोरीकडे. आणि फोन ठेवून दिला. फ्रिजचं काय झालं देव जाणे.

हां, पाटीचं राहिलं. फोन दुकानाचा, म्हणून त्याच्यात नाव दुकानाचं. वर्गात प्रत्येक पोराच्या चौकटीखाली पोराचं नाव, आणि आमच्या चौकटीखाली ‘अर्जंट फोटो’. ते बदलतात कसं हे मला कळेना, बायकोला वेळ मिळेना. बाई हजेरी घ्यायच्या, एकेक नाव घेत यायच्या आणि मधेच, ‘अर्जंट फोटो?’ — की ही ओरडायची, हजर! फोन थरथरायचा. मग बाई, ‘अर्जंट फोटो, आवाज बंद कर बाळा.’ रोज. ‘आवाज बंद कर बाळा.’ सगळी पोरं तिला अजून अर्जंट फोटोच म्हणतात.

बाई कशा होत्या विचाराल, तर मला सांगता यायचं नाही. त्यांनी आपला फोन कुठेतरी उंच टांगलेला, खाली कागद, कागदावर त्या लिहायच्या. पोरं त्यांना दिसायची, आम्हाला दिसायचा नुसता हात. हात आणि आवाज. उजवी करंगळी जराशी वाकडी, आणि लिहिताना ती वर राहायची, बाकीची बोटं कामाला लागलेली आणि हिला अभ्यासात काडीचा रस नाही अशी. टिटवी नक्कल करायची, करंगळी वर काढून. जेवतानाही. मी रागवायचो, पण हसू यायचं हो.

दिवा होतोय बघा. हनुवटी किंचित वर — बस, बस, एवढी पुरे. तर त्या बाई सारखं म्हणायच्या, समोर बघा, शांत बसा, हलू नका. मला मोठी गंमत वाटायची. हे तर माझं वाक्य. आयुष्यभर लोकांना मी दुसरं काय सांगत आलोय? पण माझं गिऱ्हाईक क्षणभर बसतं, आणि या एवढ्याशा पोरांनी बसायचं सकाळभर. आमची तर पहिल्या तासाला स्टुलावरून गळायला लागायची. आधी एक पाय खाली, मग दुसरा, मग चौकटीत नुसती वेणी. तेव्हा मला एक युक्ती — म्हणजे युक्ती नंतरची. आधी नुसते फोटो. दुकान बंद, लग्नं नाहीत, वाढदिवस नाहीत, कुणाला ओळखपत्र नको, पासपोर्ट नको, कोण कुठे चाललंय? बोटं नुसती शिवशिवायची. एका दुपारी मी तिला याच स्टुलावर बसवली, सगळे दिवे लावले आणि काढत सुटलो. निळा फ्रॉक, पिवळा फ्रॉक, ठिपक्यांचा फ्रॉक, तीही खूश, मीही खूश. मोठे प्रिंट काढले, पोरीच्या शाळेच्या पाटीएवढे. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ती अशी चुळबुळतेय, टेबलावर तो निळ्या फ्रॉकातला प्रिंट पडलेला — मी सहज उचलून फोनसमोर उभा केला. सहज हो.

आता यात कौशल्य आहे बरं का. नुसता फोटो ठेवला की चकाकतो. दिवा बाजूनं घ्यावा लागतो, तोही पातळ कागदातून. बरं, पोरीला कापून चिकटवलं असतं तर कडा दिसल्या असत्या, म्हणून मागची भिंतबिंत सगळी तशीच ठेवली, अगदी जशी दिसते तशी. कच्चं काम मी करत नाही. रोज फ्रॉक बदलायचा, म्हणजे संशय नको. हजेरीला खरी पोरगी, हजर म्हणून ओरडली की खाली, फोटो वर. आणि बाईंनी काही विचारलंच तरी काय, नेटवर सगळीच पोरं अधूनमधून अडकतात. कुणी तोंड उघडं टाकून, कुणी नाकात बोट घालून. आमची आपली छान हसरी अडकलेली. तोवर आम्ही दोघं मागच्या ओट्यावर. जुना कॅमेरा काढला होता, तिला फोकस शिकवला. मुंग्यांचे फोटो काढायचो. एक मुंगी सरळ बसेल तर शपथ. टिटवी तिला म्हणायची, हलू नका ताई. किती मजा — म्हणजे शाळा बुडत होती, ते वाईटच, कळतं मला. तिनं नव्हतं हो सांगितलं फोटो ठेवायला. मलाच करमत नव्हतं. दिवसभर नुसता शटरकडे बघत बसायचो, कुणी येत नाही, आणि ती तिथे अडकलेली. मला सोबत हवी होती, म्हणून मी — जाऊ दे. हे काही सांगायचं नव्हतं मला. तुम्ही गप्प बसलायत ना, म्हणून माणूस वाहवत जातो.

खरी गंमत पुढेच आहे. बाई कौतुक करायला लागल्या. ‘अर्जंट फोटोकडे बघा रे सगळे. किती शांत बसते. अशी बसायला शिका.’ झालं, बाकीच्या आयांचे मला निरोप, तुम्ही पोरीला काय खायला घालता? आम्ही दोघं तोंडात फडकं कोंबून हसायचो. पण काही दिवसांनी बघतो तर मी एकटाच हसतोय. ही आपली स्वतःच्या फोटोकडे बघत बसलेली. म्हणाली, बाबा, बाईंना ही आवडते. म्हटलं, अगं ही म्हणजे तूच. तर म्हणाली, नाही. मी बोलले की त्या म्हणतात आवाज बंद कर. ही बोलत नाही म्हणून आवडते.

आता शाळा उघडल्या. सोमवारी सगळी पोरं दप्तरं घेऊन या दारावरून गेली, आमची पोटात दुखतं म्हणून झोपून. मंगळवारी पोटात. काल तर सकाळी उठायच्या आधीच दुखायला लागलं होतं. औषध आणलं, ते तिनं आवडीनं घेतलं, गोड आहे. आणि आज सकाळी बोलली शेवटी. म्हणे, मी गेले तर मी हलणार. मी बोलणार. मग बाईंना कळेल की ती मुलगी मी नाही. ताई, त्या वेळी मला काय वाटलं कसं सांगू, फोटो मी काढला, आणि — बायको म्हणते, सरळ शाळेत जा आणि बाईंना सांगून टाक. सांगू काय पण? तुमची सगळ्यात शहाणी विद्यार्थिनी कागदाची होती? तुम्हीच सांगा, तुम्ही त्या बाईंच्या जागी असतात तर — हां, बोलू नका. विसरलोच. दिवा झाला. काढा मास्क. केस जरा मागे घ्या, कानामागे, उजव्या हातानं, अस्सं —

थांबा.

हात तसाच ठेवा. नाही, फोटोसाठी नाही. ही करंगळी —

बाई?

अरे देवा. बाई, तुम्ही — आणि मी मघापासून — ताई ताई करत — अहो, तुम्ही थांबवायचं तरी मला. घसा बसलाय, मान्य, पण हात होता ना वर करायला. हसताय? तुम्ही हसताय. बाई, ओळखपत्राच्या फोटोत हसलेलं चालत नाही — काय बोलतोय मी. बसा, उठू नका, पाणी देऊ? हे बघा, तिची काही चूक नाही, मीच — काय? मागे? मागे काय आहे, भिंत आहे. घड्याळ? घड्याळ बरोबर आहे, चालू आहे. फोटोतलं? फोटोतलं कसं चालेल बाई, फोटोतलं घड्याळ कसं —

निळ्या फ्रॉकात पावणेचार.

पिवळ्यात चार. ठिपक्यांच्यात सव्वाचार. आणि शाळा सकाळची. दिवा बघितला, चकाकी बघितली, कडा बघितल्या, आणि हे एवढं मोठं घड्याळ, सासऱ्यांचं, पोरीच्या डोक्यावर... म्हणजे तुम्हाला माहीत होतं? कधीपासून? एवढ्या लवकर? मग ते कौतुक — माझ्याकडे बोट का दाखवताय? मी? मला ऐकवत होतात? मी कधी बोलतोय ते बघत होतात? आणि मी तोंडात फडकं कोंबून... धन्य आहे. पण बाई, तिनं ते सगळं खरं मानलं हो. आताही ती तिथेच आहे, पडद्यामागे. खालून पाय दिसतायत बघा. एवढ्या वेळात एक शब्द नाही तिचा. आमच्या घरात असं कधी झालं नाही.

कुठे निघालात? हां, जा, जा, तिच्यापाशी जा. काय म्हणताय? मोठ्यानं — हो, मोठ्यानं येत नाही. मी सांगतो तिला. टिटवे, ऐक. बाई म्हणतायत, चार दिवसांत त्यांचा घसा गेला. वर्गात कुणाला काही ऐकूच जात नाही. मागच्या बाकावर तर मुळीच नाही. बाईंना — काय हवंय? पुन्हा सांगा. आवाज. बाईंना आवाज हवाय गं. शेजारी उभं राहून, त्या कानात सांगतील ते सगळ्या वर्गाला ओरडून सांगणारा. फोटो माझ्या काय कामाचा, म्हणतायत. तू किती दिवस पोट दुखवणार आहेस, म्हणतायत — नाही, हे त्या नाही म्हणाल्या, हे मी म्हणतोय. आता बाई हजेरी घेतायत. ऐकू आलं का तुला? अर्जंट फोटो?

अगं हळू! बाईंचे कान जातील आता. आणि तो दिवा — पडेल तो, बाजूनं ये.

बसा बाई. तूही बस त्यांच्याशेजारी, सरकून घ्या, मावता दोघी. ओळखपत्राचा नंतर काढू, हा माझा. पांढरं कापडही नको, घड्याळ दिसू दे. चला, बघा इकडे. हलू नका —

नाही. हला. खुशाल हला.