दुप्पट गोळी

रुग्णासोबत आलेल्या प्रत्येकाला मी आत का बोलावते, असे तुम्ही विचारता ना? लिंबायतच्या सरलाच्या शरीरात एक आवश्यक संप्रेरक तयारच होत नसे. ती उणीव गोळ्यांनी आयुष्यभर भरून काढायची होती. दर तपासणीला मी तिची उजळणी घेई.

"ताप आला तर?"

"गोळी दुप्पट, मॅडम. आता झोपेतही सांगेन!"

सासू तेव्हा बाहेर बाकावर बसलेली असे.

सरला गेल्याचे सांगायला ती एकटीच आत आली.

"ताप लई होता, बेन. त्यात गोळ्या गरम पडतील, म्हणून मीच बंद केल्या."

"सरला काही बोलली नाही?"

"बोलत होती की. शेवटपर्यंत 'दुप्पट, दुप्पट' करत होती. माले वाटनं, तापात बरळते पोर."