दार लावून शिंदी

बाईनं दारू पिण्याचा विषय निघालाच आहे, तर माझ्या सासूचं ऐका. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. माहेर तेलंगणातलं. तिकडं दिवस मावळला की बायासुद्धा अंगणात बसून शिंदी, म्हणजे शिंदीच्या झाडाची ताडी, पितात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. लग्न होऊन मुखेडला आल्या आणि ते सुटलं.

यंदा त्यांच्या माहेरी लग्नाला मी गेले. निघताना त्यांच्या भावजयीनं ताज्या शिंदीची बाटली हातात दिली. देगलूरच्या पुढं एसटीत फेस येऊन झाकण उडालं, वास पसरला. कंडक्टरनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, शेजारच्या म्हाताऱ्याला झापलं. ‘मी माळकरी हाय,’ म्हणून तो बिचारा मुखेड येईपर्यंत भांडत राहिला.

घरी आले, तर मामंजी ओसरीवर आपली बाटली घेऊन बसलेले. मी आत्याबाईंना स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि उरलेली शिंदी पेल्यात ओतली. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले.

‘तीच हाय ना?’ मी विचारलं.

‘तीच हाय. दार उघड.’

‘कुणी बघितलं तर?’

‘आई, आत्या, भावजया, सगळ्या मिळून बसायचो गं. वाटंनं जाणारीलाबी हाक मारायचो. दार लावून कधी पिलोच न्हाई.’

मी कडी काढली. ओसरीवरून मामंजींचा आवाज आला, ‘अगं, शेंगदाणे भाजून आण जरा.’

आत्याबाईंनी पेल्यावर ताटली झाकली आणि तवा गॅसवर ठेवला.