लोकय्या साल्यान यांच्या खात्यावरील सदतीस सकाळी

जबाब, दिनांक १७ डिसेंबर २०२३
हळेकुद्रु पोलीस ठाणे

माझे नाव जलजाक्षी सदाशिव शेट्टीगार, वय ६३, धंदा निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मुल्की. घरात मी एकटीच असते. लोकय्या साल्यान, वय ५८, राहणार हळेकुद्रु बेट, हे बेपत्ता असल्याबाबत मला विचारण्यात आले, म्हणून समक्ष हजर राहून सांगते की,

तुळू भाषेत एक ज्ञानकोश इंटरनेटवर आहे. तो लोकच लिहितात. कोणालाही पगार नाही. सुरुवातीला आम्ही लिहिणारे अकरा जण होतो, आता नियमित चार आहोत. मी मासे, झाडे आणि घरातल्या जुन्या वस्तू यांवर लिहिते. लोकय्या लेख लिहीत नसत. ते ज्ञानकोशाची यंत्रणा सांभाळत, म्हणजे तुळू टाइप करण्याची सोय, शोधण्याची सोय, चुका पकडण्याचे प्रोग्राम. त्यांचा धंदा होड्यांची इंजिने दुरुस्त करण्याचा होता. बाकीचे ते स्वतःच शिकले होते.

मी त्यांना नऊ वर्षे ओळखते. आमची प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही. फोनवर बोलणे झाले नाही. जे काही बोलणे होई ते ज्ञानकोशाच्या चर्चेच्या पानावर, लिहून. ते मला टीचरक्का म्हणत आणि मी त्यांना अण्णा म्हणत असे. वयाने कोण मोठे हे दोघांनी विचारले नाही.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते कामाचा अहवाल लावत. काय झाले, काय अडले, पुढे काय. त्याखाली बहुतेक वेळा एकटी मीच लिहीत असे. गेली दोन वर्षे ते शब्दाला आवाज जोडण्याचे काम करीत होते. ती मागणी माझी होती. आमच्या भाषेत 'मी येतो' आणि 'तो येतो' हे कन्नड लिपीत लिहिले की एकसारखेच दिसते. ऐकल्याशिवाय कळत नाही. ४ नोव्हेंबरच्या अहवालात त्यांनी लिहिले होते, "टीचरक्का, तुम्ही मागितलेला आवाज आता लागतो. दोनशे बारा शब्द मीच बोलून घातलेत. माझा घसा खराब आहे, तुम्ही पुन्हा म्हणा." मी लिहिले की ऐकते आणि सांगते.

१० नोव्हेंबर रोजी मी त्यांना एका शब्दाबद्दल प्रश्न विचारला. त्यांचे उत्तर नेहमी दुसऱ्या दिवशी येई. ते आले नाही. मी दुसऱ्यांदा विचारले नाही. माणूस कामात असेल, आपण मागे लागू नये असे वाटले. २ डिसेंबरला, पहिल्या शनिवारी, अहवाल आला नाही. तेव्हा मी बंगळुरूचे रोहिदास बंगेरा यांना फोन केला. ते आमच्यातले चौथे, इंजिनिअर आहेत. आमचे बोलणे पुढीलप्रमाणे झाले.

"टीचर, त्यांचं खातं आज सकाळीही हललंय. सहा दहाला. नऊ दुरुस्त्या केल्यात."

"मग मला उत्तर का देत नाहीत?"

"रुसले असतील तुमच्यावर."

"अहो मारायरे, ते रुसले तर रुसलोय असं लिहितात."

मी रोज सकाळी पाहू लागले. रोज सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या नावावर दुरुस्त्या होत होत्या. रोज मला बरे वाटे. उत्तर मात्र येत नव्हते.

२०१९ मध्ये मी त्यांना माझ्या आजेसासूबाईंच्या शब्दांची वही टपालाने पाठवली होती. तेव्हा पत्ता म्हणून त्यांनी 'लोकय्या, इंजिनवाला, हळेकुद्रु' एवढेच कळवले होते. त्यावरून १४ डिसेंबर रोजी सकाळी मी बसने निघाले आणि अकराच्या सुमारास तरीने बेटावर उतरले. घर लगेच सापडले. दारात त्यांच्या थोरल्या बहीण सुगंधी, वय ६६, बसलेल्या होत्या. मी माझे नाव सांगून अण्णा आहेत का असे विचारले. मी म्हणाले, "आज सकाळीच त्यांनी काम केलंय, म्हणून म्हटलं घरी असतील."

ते ९ नोव्हेंबरपासून बेपत्ता आहेत हे मला तेव्हा माहीत नव्हते. दुरुस्त केलेले इंजिन तपासायला ते दुपारी तीनला लहान होडी घेऊन नदीच्या मुखाकडे गेले. होडी दुसऱ्या दिवशी उलटलेली मिळाली, ते मिळाले नाहीत. हे सर्व सुगंधीअक्कांनी मला नंतर सांगितले. आधी त्यांनी माझा हात धरून आत नेले आणि फोन दाखवायला सांगितले. मी दाखवला. त्यांना वाचता येत नाही. "यात अण्णाचं नाव कुठाय?" असे त्यांनी विचारले. ते धाकटे असूनही त्यांना त्या अण्णाच म्हणतात. मी बोट ठेवून दाखवले. त्या म्हणाल्या, "म्हणजे कुठंतरी बसून काम करतोय. मला ठाऊक होतं. तो पाण्यात मरणारा माणूस नव्हे." त्यांनी शेजारच्या दोन घरांत जाऊन हे सांगितले. मला जेवू घातले आणि जाऊ दिले नाही.

अण्णांनी शब्द बोलून ठेवलेत असे मी सांगताच त्यांनी ते ऐकण्याचा आग्रह धरला म्हणून मी ते दोनशे बारा शब्द लावले. सुगंधीअक्कांनी आवाज पहिल्याच शब्दाला ओळखला. मी तो आवाज त्या दिवशी प्रथम ऐकला. ऐकते म्हणून लिहिले होते, पण सव्वा महिना ते राहून गेले होते.

१५ डिसेंबर रोजी रोहिदास यांनी सर्व नोंदी तपासून मला फोनवर सांगितले की, १० नोव्हेंबरपासूनचे सगळे बदल लोकय्यांनी लिहिलेला प्रोग्राम करतो आहे. तो त्यांच्या घरातल्या यंत्रावर नाही, ज्ञानकोशाच्या दूरच्या यंत्रावर चालतो आणि रोज ठरल्या वेळी आपोआप सुरू होतो. प्रोग्रामला वेगळे खाते काढा असे रोहिदास यांनी त्यांना पूर्वी दोनदा सांगितले होते. त्यांनी काढले नाही. सकाळच्या दुरुस्त्या ते स्वतः बसून करतात असा माझा समज होता. मी एकेक बदल उघडून पाहिला. सगळ्या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या आहेत. हाताने लिहिलेली एकही ओळ नाही.

हे मी त्या दिवशी सुगंधीअक्कांना सांगितले नाही. १६ तारखेला सकाळीही सांगितले नाही. त्यांनी मला सहा वाजता उठवले होते आणि आम्ही दोघींनी फोन पाहिला होता. याचे कारण विचारले असता मला सांगता येत नाही.

१६ तारखेला दुपारी त्या मला घेऊन या ठाण्यात आल्या. भाऊ जिवंत असल्याचा पुरावा या बाईंकडे आहे, शोध पुन्हा सुरू करा, असे त्यांनी उपनिरीक्षक साहेबांना सांगितले. साहेबांनी मला विचारले, "टीचर, हे काम माणसानं केलंय की यंत्रानं?" सुगंधीअक्का शेजारच्या बाकावर होत्या. मी यंत्राने असे उत्तर दिले.

सुगंधीअक्का म्हणाल्या, "परवा तर तुम्ही बोट ठेवून दाखवलंत."

मी म्हणाले, "तेव्हा मला माहीत नव्हतं, अक्का."

"आज सकाळी?"

"आज सकाळी माहीत होतं."

त्या साहेबांकडे वळल्या. साहेबांना त्या म्हणाल्या की यंत्र असेल तर ते थांबवा. मग उद्या त्या नावावर काही झाले तर ते करणारा अण्णाच. साहेबांनी हे करता येईल का असे विचारले. प्रोग्राम थांबवण्यासाठी लोकय्यांनी एक पान करून ठेवले होते. त्यावर आमच्यापैकी कोणीही काहीही लिहिले की तो थांबतो. मी ठाण्यातच, ४ वाजून ३५ मिनिटांनी, साहेब व सुगंधीअक्का यांच्यासमक्ष त्या पानावर 'थांबा' असे लिहिले.

आज १७ तारखेला सकाळी सहा वाजता मी व सुगंधीअक्का त्यांच्या घरी फोन घेऊन बसलो. सहा दहा झाले. काही बदल आला नाही. साडेसहाला त्यांनी पुन्हा पाहायला सांगितले. मी पाहिले. त्या साडेसातपर्यंत बसल्या, मग उठून त्यांनी तांदूळ धुवायला घेतले. किती जणांचे घालू असे त्यांनी मला विचारले. मी दोघींचे म्हणाले.

आज नऊनंतर ज्ञानकोशात ज्या सतरा दुरुस्त्या झालेल्या दिसतील, त्या मी त्यांच्या ओसरीवर बसून हाताने केल्या आहेत. त्या माझ्या नावावर आहेत. लोकय्या साल्यान यांच्या समजू नयेत.

मी हे तुळूत सांगितले, लिहून झाल्यावर मला तुळूतच पुन्हा ऐकवले. सांगितले तसेच उतरले आहे. कमी-जास्त काही नाही.

सही
जलजाक्षी स. शेट्टीगार